वाचले

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी सांगायला नको. औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभं राहून बघा, तुमचाही होईल. एक जण येतो आणि म्हणतो, "ती पांढरी गोळी द्या." अरे बाबा, दुकानात पांढऱ्या गोळ्यांशिवाय आहे काय! दुसरा डॉक्टरांची चिठ्ठी उलटी धरून पुढे करतो. डॉक्टर मंडळींचं अक्षर असं असतं की सुलटी धरली तरी फारसा फरक पडत नाही, ती गोष्ट वेगळी. पण मी वाचते. कुणाचंही, कसलंही अक्षर मी वाचते, आणि त्याचा मला जरा माज आहे.

मी राहते भावाच्या घरी. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं की मी विचारते, तुम्ही का केलंत? मग विषय बदलतो. घरात दादा, वहिनी, मी आणि दादाची मुलगी. दादा लिफ्ट दुरुस्त करतो, वहिनी तळमजल्यावर पाळणाघर चालवते. मुलीला आम्ही सगळे भिंगरी म्हणतो, कारण एका जागी ती कधी उभी राहिलेली आम्ही पाहिलेली नाही. चौथीत होती तेव्हाची ही गोष्ट.

शाळा सुटली की भिंगरी थेट माझ्या दुकानात यायची. पाठीवरचं दप्तर उतरायच्या आधी माझा ठरलेला प्रश्न, "आज शाळेत धडे वाचलेस का गं?" आणि तिचं ठरलेलं उत्तर, "वाचले." मग ती काउंटरखाली बसून रिकाम्या खोक्यांच्या इमारती रचायची, त्यांना लिफ्टसुद्धा बसवायची. मी निर्धास्त. पोरगी धडे वाचतेय, अजून काय पाहिजे?

दुकानात ती मला मदतही करायची. चिठ्ठीवरच्या औषधाला हात लावायचा नाही हा नियम होता, पण चिठ्ठीशिवाय द्यायच्या वस्तूंचे खण तिला पाठ होते. खोकल्याच्या गोळ्या, मलमं, पट्ट्या. मी नुसतं म्हणायचं आणि ही आणून हजर.

एका शनिवारी मला सफाईची हुक्की आली. सगळे खण रिकामे केले, पुसले आणि म्हटलं, आता अक्षरांच्या क्रमानं लावू, म्हणजे शोधाशोध नको. जाड पेनानं नवी नावं लिहून चिकटवली. त्यामुळे झालं काय, की खरचटणं, खाज आणि खोकला हे तीन खण एका रांगेत शेजारी शेजारी आले.

तेवढ्यात समोरच्या सलूनचा न्हावी खोकत खोकत आला. मी दुसऱ्या गिऱ्हाइकात अडकले होते. म्हटलं, "भिंगरे, यांना खोकल्याचं पाकीट दे." ती गेली, खणांसमोर क्षणभर घुटमळली, आणि एक छोटा खोका त्याच्या हातात ठेवून आली. न्हाव्यानं खोका डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि मला विचारलं, "हे घशाला आतून लावायचं का बाहेरून?"

खाजेचं मलम! दुकानात हशा पिकला. न्हावी हसता हसता इतका खोकला की त्याला पाणी द्यावं लागलं. भिंगरी मात्र हसली नाही. कान लाल करून उभी राहिली.

गर्दी ओसरल्यावर मी तिला खणांसमोर नेलं. "हे काय लिहिलंय? वाच."

"ख," ती म्हणाली. मग गप्प.

"पुढे?"

"आत्या, तू खण का हलवलेस गं? आधी खोकला खालून दुसरा होता."

माझ्या डोक्यात कुठंतरी खट्ट झालं. मी एका कागदावर मोठ्या अक्षरात 'किती' लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. साधा दोन अक्षरी शब्द, पहिलीतला. तिनं बोट ठेवलं. बोट मागे नेलं, पुढे नेलं, परत मागे नेलं.

"ही वेलांटी आधी दिसते," ती म्हणाली, "पण म्हणायची नंतर. मग मी आधी क म्हणते, मग मागे जाऊन वेलांटी घेते, परत पुढे येते, तोवर पुढचं काय होतं ते जातं. मग पुन्हा पहिल्यापासून. आणि दुसरी वेलांटी नंतरच येते. एक आधी, एक नंतर. असं का केलंय?"

असं का केलंय ते मला काय ठाऊक! इतकी वर्षं वाचतेय, माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. पण तेव्हा मला तिचं कौतुक वाटण्याऐवजी तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि रोज मला सांगतेस धडे वाचले म्हणून? खोटं बोलायला कधीपासून लागलीस?"

"मी खोटं नाही बोलले!" आता तिचे डोळे भरून आले. "मी धडे वाचले असं कधीच म्हणाले नाही. मी नुसतं 'वाचले' म्हणते. बाईंनी मला उभं केलं नाही, म्हणून वाचले. रोज वाचतेच असं नाही. परवा नाही वाचले. सगळे हसले."

मी काउंटरवर बसकण मारली. मग तिनं सगळं सांगितलं. वर्गात बाकामागून बाक एकेक परिच्छेद वाचायचा असतो. भिंगरी बसते तिच्या मैत्रिणीच्या मागे. त्या मैत्रिणीला सगळे उंची म्हणतात, कारण ती वर्गात सगळ्यात उंच आहे. तिच्या पाठीमागे लपलं की बाईंना दिसत नाही. तरी आपली पाळी येतेय असं वाटलं की पेन्सिल खाली पाडायची, पाणी प्यायला जायचं, फळा पुसायला पळायचं. अगदीच इलाज नसला तर उंची आदल्या सुट्टीत परिच्छेद वाचून दाखवते, तो ऐकून पाठ करायचा आणि पुस्तकाकडे बघत म्हणायचा. मग आली परवासारखी वेळ, बाईंनी मधलाच परिच्छेद दिला.

 हे सगळे डाव मला ओळखीचे होते. पेन्सिल पाडणं, पाणी प्यायला जाणं, ऐकून पाठ करणं. मी हे सगळं माझ्या लहानपणी एकदा जवळून पाहिलेलं होतं.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी शाळेत जाऊन धडकले. वर्गाच्या बाईंना चार शब्द सुनावायचे असं ठरवून गेले होते, पण त्यांनी माझी हवाच काढून घेतली.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "तुमची भाची तोंडी विचारलं तर वर्गात सगळ्यांच्या पुढे. कागद समोर ठेवला की संपलं. मलाही सुरुवातीला वाटलं, कंटाळा करते. पण हा कंटाळा नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात. डोळे चांगले, डोकं चांगलं, फक्त अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड तिला पटकन घालता येत नाही. हा काही आजार नाही, त्याला गोळी नाही."

"गोळी नाहीच?" मी विचारलं. सवय आहे, काय करणार.

"नाही. सराव आहे, वेगळ्या पद्धतीनं शिकवणं आहे. आपल्याकडे दर गुरुवारी एक विशेष शिक्षिका येतात. त्या तपासणी करतील. तसा अहवाल आला की परीक्षेत तिला प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळेल, जास्त वेळ मिळेल, वेलांटी चुकली म्हणून गुण जाणार नाहीत. पण त्याला पालकांची संमती लागते. तशी सोय झाली नाही तर लेखी परीक्षेत ती नापास होईल. पुढच्या वर्षी पुन्हा चौथी."

"मग आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला.

"सांगितलं की. तिच्या वडिलांना दोनदा फोन केला. ते म्हणाले, बघू."

 निघताना एवढंच ठरलं की तिला अचानक उभं करायचं नाही. वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगून ठेवायचा. बाईंनी ते लगेच कबूल केलं.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. वहिनीचा घास हातातच राहिला. दादा खाली मान घालून जेवत राहिला आणि म्हणाला, "तपासणी बिपासणी काही नको. माझ्या पोरीवर कसला शिक्का मारून घ्यायचा नाही मला. येईल हळूहळू. मी नाही का मोठा झालो?"

"शिक्का नाही रे, सोय आहे ती."

"नाही म्हटलं ना!"

भिंगरी म्हणाली, "बाबा, मी चौथीत राहिले तर उंची पाचवीत जाईल. मग मी कुणाच्या मागे बसू?"

दादा ताटावरून उठला.

आता इथं तुम्हाला सांगायला हवं. दादा माझ्याहून मोठा, शाळेत एक वर्ष पुढे. मी वाचायला शिकले तीच त्याच्या पुस्तकांवरून, कारण त्याला वाचता यायचं नाही आणि कुणाला कळू द्यायचं नव्हतं. शाळेत जायच्या आधी आम्ही जिन्यात बसायचो. मी त्याचे धडे वाचायची, तो डोळे मिटून ऐकायचा आणि पाठ करायचा. पोरगा हुशार होता हो! एकदा ऐकलं की अख्खा धडा बोलून दाखवायचा. पण पुढच्या वर्गांत पुस्तकं जाड झाली आणि जिना पुरेना. शाळा सुटली, पाना हातात आला. लिफ्टचं यंत्र तो नुसत्या आवाजावरून ओळखतो. कागद आला की मात्र एकच वाक्य, "चष्मा विसरलो, बघ गं जरा." वहिनीशी लग्न झालं तेव्हापासून तिचीही तीच समजूत, आपला नवरा विसरभोळा आहे. मी शब्द दिला होता म्हणून मूग गिळून बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दादाच्या कामावर गेले. बाजारामागच्या उंच इमारतीची लिफ्ट बंद होती, म्हणजे गच्चीपर्यंत मला पायी चढावं लागलं. वर पोचेपर्यंत माझा पारा माझ्याआधी वर गेला होता. यंत्राच्या खोलीत ग्रीसचा वास, मधोमध मोठं चाक, त्यावर जाड दोर, आणि दादा हात काळे करून बसलेला.

"दोनदा फोन आला होता तुला," मी म्हटलं. "बघू म्हणालास. काय बघणार होतास?"

"हळू बोल."

"का? इथं कोण ऐकतंय, चाक?"

त्यानं पाना खाली ठेवला. "तुला काय वाटतं, मला कळत नाही? ती पहिलीत होती ना, तेव्हाच कळलं मला. पुस्तकावर बोट कसं ठेवते त्यावरून. मला भीती वाटते गं. तपासणीत विचारतात, घरात आणखी कुणाला असं आहे का. मग? बायकोसमोर, पोरीसमोर काय सांगू? बाप अडाणी आहे म्हणून?"

"तू अडाणी नाहीस."

"ते तुला माहीत आहे."

मला त्याची दयाही आली आणि राग पण आला. दोन्ही एकदम आले की माझा आवाज बारीक होतो. "दादा, तुझ्यासाठी जिन्यात मी बसायचे. तिच्यासाठी कोण बसणार आहे? ती उंची? ती तर पाचवीत चालली."

त्यानं फडक्याला हात पुसले. शेवटी म्हणाला, "येतो शाळेत. पण सही करणार नाही. काय ते त्यांच्या तोंडावर सांगतो. आणि तू एक अक्षर बोललीस तर माझ्याशी गाठ आहे."

भेटीच्या आदल्या दिवशी मी दुकानात बसून औषधाच्या खोक्याचा एक पुठ्ठा कापला. बाईंनी सुचवलं होतं तसं. ब्लेडनं मधोमध एक लांबट खिडकी काढली, पुस्तकावर ठेवली की एकच ओळ दिसेल अशी. वरखालची गर्दी झाकलेली. भिंगरीनं ती पुस्तकावर ठेवून पाहिली. ओळ काही पटकन वाचता आली नाही, पण हरवली नाही. तिनं पुठ्ठा लगेच खिशात घातला.

शाळेत मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. समोर मोठ्या बाई, बाजूला वर्गाच्या बाई. मोठ्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी संमतीचा कागद दादापुढे सरकवला. "घाई नाही. आधी नीट वाचा, मग काय ते ठरवा."

दादाचा हात सवयीनं छातीवरच्या खिशाकडे गेला. "चष्मा विसरलो वाटतं. बघ गं जरा," असं म्हणत कागद माझ्याकडे यायला निघाला. माझाही हात सवयीनं पुढे झाला होता.

"अरे बाबा, हा काय चष्मा!" भिंगरीनं त्याच्या दुसऱ्या खिशातून चष्मा काढला आणि कौतुकानं त्याच्या नाकावर चढवला. "वाच ना. मोठ्यानं वाच, माझ्याबद्दलच आहे ना, मला पण ऐकायचंय."

 मला वाटलं आता हा उठणार आणि निघून जाणार. त्याच्या कपाळावर घाम दिसत होता. मी जीभ दाताखाली धरून बसले.

त्यानं कागदावर बोट ठेवलं. "पा... लकां... नी," तो म्हणाला. मग पुढचा शब्द आला 'विद्यार्थिनीच्या'. आता हा शब्द बघा तुम्ही. आधी वेलांटी, मग जोडाक्षर, मग एकाच अक्षरावर रफार आणि वेलांटी, नंतर दुसरी वेलांटी, आणि पुन्हा जोडाक्षर. सगळे वैरी एका शब्दात. "वद... वि... विध..." त्याचं बोट मागे गेलं, पुढे आलं, परत मागे गेलं.

भिंगरी त्याच्या बोटाकडे बघत होती. मग तिनं खिशातून पुठ्ठा काढला, कागदावर ठेवला, आणि खिडकी त्या ओळीवर आणली.

"यातून बघ बाबा. एकच ओळ दिसते," ती हळूच म्हणाली. "मी पण तिथंच अडते."

दादानं चष्मा काढला. हातांनी डोळे पुसले. पुन्हा बोट ठेवलं आणि एकेक अक्षर उचलत तो शब्द पुरा केला. वि, द्या, र्थि, नी, च्या. त्याला वेळ लागला आणि कुणीही मध्ये बोललं नाही. मग त्यानं मोठ्या बाईंकडे मान वर करून पाहिलं.

"मला वाचता येत नाही," तो म्हणाला. "म्हणजे येतं ते हे असं. लहानपणी ही माझी बहीण वाचायची, म्हणून मी वाचलो. माझ्या मुलीसाठी काय काय सोय आहे ते सगळं सांगा. आणि घरात कुणाला आहे का असं विचारतात ना तपासणीत? मला आहे, असं लिहा."

त्यानं सही केली. सही तो झोकात करतो, ती त्यानं रेषा म्हणून पाठ केलेली आहे. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही.

बाहेर आल्यावर वहिनी कोपऱ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. आमची पाचावर धारण. कोपऱ्यावर ती थांबली आणि दादाला म्हणाली, "म्हणजे दर वर्षी मी डोळे तपासून या, नंबर वाढला असेल, म्हणून मागे लागायची ते?"

"नंबर नाहीच आहे," दादा म्हणाला. "साध्या काचा आहेत."

"अहो, साध्या काचांना मी एवढी महागाची फ्रेम घेऊन दिली!" ती आधी त्याच्यावर ओरडली आणि मग रस्त्यातच त्याचा दंड घट्ट धरून रडली. त्यानं तिला एवढ्या वर्षांत सांगितलं नाही, हे तिला जास्त लागलं होतं. ते मिटायला बरेच दिवस गेले, आणि तो त्यांचा प्रश्न आहे.

गुरुवारी तपासणी झाली. अहवाल आला. घरी रोज थोडाच वेळ वाचायचं, दमली की थांबायचं, असं त्या विशेष शिक्षिकेनं सांगितलं. ताटात रवा पसरून अक्षर बोटानं काढायचं आणि काढताना मोठ्यानं म्हणायचं. पहिल्या वेलांटीला लाल रंग, दुसरीला निळा. दादा तिच्याबरोबर बसू लागला. दोघांत एक पुठ्ठा पुरेना, म्हणून मी दुसरा कापून दिला. कधी चिडचिड, कधी पुस्तक भिरकावणं, दोघांचंही. सोपं काही झालं नाही.

परीक्षेत तिला प्रश्न कोण वाचून दाखवणार अशी चर्चा निघाली तेव्हा दादा गमतीनं म्हणाला, "मी येऊ का?"

"नको रे बाबा," भिंगरी म्हणाली, "तू वाचायला बसलास तर जास्तीचा वेळ पण संपेल."

शाळेनं दुसऱ्या वर्गाच्या बाई दिल्या. त्यांनी वाचलं, हिनं लिहिलं. काठावर नाही, चांगली पास झाली. पाचवीत गेली, उंचीबरोबर.

पाचवीचा पहिला आठवडा. संध्याकाळी दुकानात गर्दी होती. न्हावी खोकत उभा होता आणि "या वेळी तुम्हीच द्या हं" असं मला बजावत होता. भिंगरी आली, दप्तर उतरवू लागली. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आज धडे वाचलेस का गं?" आणि विचारल्यावर मी जीभ चावली.

"नाही," ती म्हणाली.

मी हातातलं पाकीट तसंच धरून थांबले.

"बाईंनी कालच सांगून ठेवला होता तो धडा होता ना, तो. आज उंचीच्या मागे नव्हते बसले, शेजारी बसले होते. उभी राहिले आणि पुठ्ठा लावून सगळा वाचला." तिनं दप्तर काउंटरखाली सरकवलं. "धडे नाही काही, आत्या. एकच. पण वाचला."